क्लच केबल वारंवार तुटते? तुटकी केबल फेकू नका

माझ्या किट कारची, म्हणजे घरी जुळवलेल्या गाडीची, पाचवी क्लच केबल तुटली तेव्हा मी सोलापुरात होटगी रोडच्या पलीकडं मित्राच्या शेतात होतो. क्लच दाबला आणि जिन्याची पायरी चुकावी तसा पाय थेट पत्र्यावर आपटला. पहिली केबल चार महिने टिकली होती. ही नऊ दिवस. दरम्यान मी प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जाड आणि महाग केबल आणत होतो. दुकानदार शेवटी म्हणाला, "मालक, तुमची गाडी पेट्रोलवर चालती का केबलवर?"

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांची पस्तीस वर्षं पूर्वभागातल्या यंत्रमागांवर जॉबर (माग लावून देणारा, दुरुस्त करणारा) म्हणून गेली. गाडीतलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुटती कुठं?" मला सांगता येईना. पाचपैकी तीन केबल मी भंगारात दिल्या होत्या. ते म्हणाले, "ताण्याचा धागा एकाच जागी तुटायला लागला तर आम्ही सुताला शिव्या देत नव्हतो. फणी बघत होतो." फणी म्हणजे मागावर ज्या दातांमधून ताण्याचे उभे धागे जातात ती.

मग मी उरलेल्या दोन केबल घेऊन बसलो, पहिल्या तिघींचं जेवढं आठवलं तेवढं वहीत लिहिलं, आणि महिनाभर एकही नवी केबल विकत घेतली नाही. त्या महिन्यात जे सापडलं ते ज्या क्रमानं तपासायला हवं होतं त्या क्रमानं इथं मांडतो. मी स्वतः त्या क्रमानं तपासलं नाही, म्हणून महिना लागला. तुम्हाला दोन रविवार पुरतील.

गाडीबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. किट कार म्हणजे सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, पेडल तिसऱ्याचं, अशी घरी जुळवलेली गाडी. इंग्लंडमध्ये १९५७ सालची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपात विकली जायची, तिथून हा छंद फोफावला. माझी गाडीही त्याच वळणाची आहे: चौकोनी पाईपचा सांगाडा, वर फायबरचे पॅनेल, उघडी, दोन माणसांची. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या जिप्सीचे. ती फक्त शेतात आणि कारखान्याच्या आवारात चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल बघता, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आरटीओत नीट चौकशी करा. तो या लेखाचा विषय नाही.

कंपनीच्या गाडीत क्लच केबल वर्षानुवर्षं टिकते, कारण पेडल, ब्रॅकेट, केबलचा रस्ता आणि फोर्क (गिअरबॉक्सकडचा दांडा, केबल तो ओढून क्लच सोडवते) हे सगळं एकाच टेबलावर आखलेलं असतं. आपण पेडलची जागा बदलतो, बाकीचं "बसतंय की" म्हणून बसवतो आणि ती सगळी तडजोड केबल सोसते.

आधी तुटकी केबल वाचायची

केबल गाडीतून काढताना पेडलकडच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर "पेडल" लिहा. बाहेर काढल्यावर कुठलं टोक कुठलं ते कळत नाही. तारीखही लिहा. मग तुटलेली जागा पेट्रोलनं धुऊन उन्हात भिंगाखाली धरा. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा चालतो.

तारा एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी तुटल्या असतील तर काही टोकांवर गंज दिसेल आणि काही लखलखीत असतील. टोकं सपाट, कापल्यासारखी. हा पुन्हा पुन्हा वाकण्याचा थकवा आहे. आपल्या कामात बहुतेक वेळा हेच सापडतं. टोकं पेन्सिलसारखी निमुळती झाली असतील तर तार खरोखर ताणून तुटली, म्हणजे कुठंतरी अडकली होती आणि तुम्ही जोर लावला. तार निपलातून (तारेच्या टोकाला बसवलेली धातूची गुंडी) साबूत सुटून आली असेल तर दोष तारेचा नाही, निपल बसवणाऱ्याचा. आणि तार काळी-निळी पडली असेल, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तिला चिकटलं असेल, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

माझ्या पाच केबलचा हिशोब असा निघाला: पहिली जळालेली, दुसरी आणि तिसरी पेडलच्या निपलापाशी थकलेली, चौथी निपलाच्या तोंडाशी मोडलेली, पाचवी पुन्हा पेडलपाशी. एकच रोग समजून मी पाच वेळा एकच औषध दिलं होतं.

अर्थिंग: दहा मिनिटांचं काम, म्हणून पहिलं

क्लच केबल जळण्याचं कारण बहुतेक वेळा क्लच नसतोच, स्टार्टर असतो. स्टार्टर फिरताना शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. तो बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायला हवा. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे सांगाड्यापासून तुटक. म्हणूनच इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये जाड अर्थ पट्टी लागते. किट कारमध्ये ती राहून जाते, किंवा पावडर कोटिंगवर तशीच आवळली जाते. रंगातून करंट जात नाही. मग तो दुसरी लोखंडी वाट शोधतो: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, हँडब्रेकची तार. तीन मिलिमीटरच्या तारेतून स्टार्टरचा करंट गेला की ती हिटरच्या कॉइलसारखी तापते. अस्तर वितळतं, तार चिकटते, पेडल जड होतं, आणि आपण म्हणतो केबल हलकी निघाली.

तपासायची रीत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढलेलं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला (वायरच्या टोकाच्या कडीला, म्हणजे लगला नव्हे, थेट खुंटीला), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला. आता दुसऱ्या माणसानं चार-पाच सेकंद स्टार्टर मारायचा. काटा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. माझ्याकडं १.१ दिसला होता.

उपाय साधा आहे. गिअरबॉक्सच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर न्या. लगच्या खालचा रंग कानसेनं धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. वायर थोडी सैल ठेवा, इंजिन हलतं. एवढं केल्यावर माझं पहिलं दुखणं संपलं. फक्त ते मला पाचव्या केबलनंतर कळलं.

तार ओढल्यानं तुटत नाही

जाड केबल घ्यायचा मोह का फोल आहे ते बघा. तीन मिलिमीटरची चांगली स्टीलची दोरी साधारण पाचशे किलोच्या आसपास तुटते. क्लचमध्ये तिच्यावर येणारा ओढा वाईटात वाईट शंभर किलो धरा. पाचपट ताकद शिल्लक आहे. तरीही ती तुटते, कारण ती पुन्हा पुन्हा वाकते. वाकण्याच्या बाबतीत जाडी उपयोगाची नाही, उलट घातक आहे. तारेचा एकेक धागा जितका जाड तितका त्याच वळणावर त्याच्यावर जास्त ताण. एकोणीस धाग्यांची सरळ पिळलेली तीन मिलिमीटरची दोरी घेतली तर प्रत्येक धागा ०.६ मिलिमीटरचा येतो. सात लडी, प्रत्येकीत सात धागे, अशी त्याच जाडीची दोरी घेतली तर धागा साधारण ०.३३ चा. दुसरी त्याच वळणावर निम्म्या ताणात वाकते. म्हणून जिथं तार वाकतच राहणार तिथं बारीक धाग्यांची. जिथं अस्तरातून सरळ सरकायचंय तिथं एकोणीसवाली बरी, ती गुळगुळीत असते आणि कमी ताणली जाते.

पण दोरी बदलणं हा शेवटचा उपाय. आधी वाकणं आणि घासणं कमी करायचं.

घासण्याचा हिशोब

या जातीच्या केबलला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्यात आतली तार जेवढ्या जोरानं ओढते तेवढ्याच जोरानं बाहेरची नळी, म्हणजे आऊटर, दाबलं जातं. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढं दोन ठिकाणी लागेल.

तार वळणावरून जाताना आऊटरच्या आतल्या भिंतीला चिकटते आणि घासते. विहिरीवर दोर खांबाला दोन वेढे देऊन माणूस बैल थोपवतो, तोच नियम इथं आपल्याविरुद्ध काम करतो. किती वळण एकूण झालं तेवढंच महत्त्वाचं. ते एका जागी आहे की तीन जागी विभागलंय यानं फरक पडत नाही. चांगल्या अस्तराच्या केबलमध्ये घर्षणाचा गुणांक ०.१ धरला तर एकूण ९० अंशांच्या वळणाला ओढा १.१७ पट होतो, १८० ला १.३७ पट, २७० ला १.६ पट. अस्तर सुकलं, धूळ गेली आणि गुणांक ०.२ झाला की तेच आकडे १.३७, १.८७ आणि २.५७ होतात.

माझ्या फोर्कला ४० किलोचा ओढा लागत होता. प्रवाशांच्या सामानाचे डिजिटल काटे मिळतात, त्यानं मोजला. काटा फोर्कला अडकवला, पाईपची तरफ करून ओढला, क्लच सुटला तिथला आकडा वाचला. फोर्कजवळ बोटं घालू नका, प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोरानं क्लच दाबून धरणारी) माघारी येते तेव्हा दया करत नाही. केबलचा रस्ता मी "नीटनेटका" दिसावा म्हणून फायरवॉलवरून (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा), चेसिसच्या कोपऱ्यातून, खालून वळसा घालून नेला होता. वळणं मोजली तर २७० अंश भरली. म्हणजे नव्या केबलला पेडलच्या टोकाशी ६४ किलो, आणि सोलापूरची धूळ गेल्यावर १०३ किलो. पेडलचं गुणोत्तर पाचास एक, त्यामुळं पायाला तेरा किलोऐवजी एकवीस. पाय दुखायचा तो वयामुळं नव्हता.

आणि बघा, सगळ्यात जास्त ओढा पेडलच्या टोकाला येतो, फोर्कच्या नव्हे. बहुतेकांची केबल पेडलपाशी तुटते त्यातलं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पुढं येतं.

रस्ता आखताना केबल हातात धरून तिला जायचं तिकडून जाऊ द्या. सव्वाशे ते दीडशे मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका. शेवटच्या ब्रॅकेटच्या आधी आणि नंतर पन्नासेक मिलिमीटर सरळ ठेवा. नायलॉनच्या पट्ट्या आवळू नका, क्लच दाबताना आऊटर थोडं हललं पाहिजे. आवळलं की तिथं नवं वळण तयार होतं. मी केबल पेडलवरून जवळजवळ सरळ खाली नेली, एकच ९० अंशांचं मोठं वळण ठेवलं. दिसायला ओबडधोबड आहे. पायाला दहा किलोच्या आत लागतात.

उष्णता विसरू नका. मे महिन्यात इथं सावलीतच पारा ४२-४३ वर असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनमधून गरम धूर बाहेर नेणारा पाईप) दीडशे मिलिमीटरचं अंतर ठेवा, ते शक्य नसेल तर मध्ये पत्र्याची आड द्या आणि आड व केबल यांच्यात हवा खेळू द्या. स्वस्त केबलमधलं पॉलिथिनचं अस्तर सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं. टेफ्लॉन ३२७ ला वितळतं. किमतीतला फरक तिथं असतो.

पेडलपाशी काय चाललंय

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

पेडल गोल फिरतं, तार सरळ ओढली जायला हवी. हे भांडण निपलापाशी मिटतं किंवा मिटत नाही. निपल आपल्या घरात मोकळा फिरला नाही तर प्रत्येक दाबीला तार त्याच्या तोंडाशी वाकते. दिवसाला दोनशे वेळा म्हटलं तरी महिन्यात सहा हजार वाकणी, तीही एकाच जागी. लोखंडी तार हातानं उलटसुलट वाकवून तोडतो तसंच आहे हे.

म्हणून आधी निपल बोटानं फिरवून बघा. रंगामुळं घट्ट झाला असेल, भोक मोठं होऊन त्यात तिरका अडकत असेल, किंवा माझ्यासारखा तुम्ही नुसता बोल्ट आणि वॉशर लावून तार आवळली असेल तर तिथंच थांबा. लेथवाल्याकडून पितळी दंडगोल निपल कातून घ्या. त्याचं घर पेडलच्या हातात आरपार भोक पाडून तयार करा, फट अगदी थोडी, आणि ग्रीसचा ठिपका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असली कामं करणारे लेथ भरपूर आहेत. मात्र चित्र काढून न्या. "असा असा पाहिजे" म्हणून हातवारे केले तर तसलंच काहीतरी मिळतं.

दुसरी गोष्ट कोनाची, आणि इथंच माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या केबलचा जीव गेला. पेडलच्या पिव्होटपासून निपलापर्यंतचा हात ६० मिलिमीटर धरा. पेडल २५ अंश फिरलं की तार २६ मिलिमीटर ओढली जाते. आता पेडल सुटलेलं असताना हात आणि तार यांच्यात काटकोन ठेवला, जसा मी ठेवला होता, तर पूर्ण दाबेपर्यंत निपल मूळ रेषेपासून ५.६ मिलिमीटर बाजूला जातो. आऊटरचं टोक निपलापासून ४० मिलिमीटरवर असेल तर तार तिथं आठ अंशांनी वाकते आणि फेरूलच्या (आऊटरच्या टोकाची धातूची टोपी) कडेवर घासते. तोच काटकोन प्रवासाच्या मधोमध आणला, म्हणजे सुरुवातीला साडेबारा अंश अलीकडं आणि शेवटी साडेबारा अंश पलीकडं, तर बाजूला जाणं फक्त १.४ मिलिमीटर होतं, वाकणं दोन अंशांचं. एक पैशाचा भाग बदलला नाही, फक्त ब्रॅकेट वेगळ्या कोनात वेल्ड केलं.

हेच फोर्कच्या बाजूलाही करा. मधल्या प्रवासाला तार आणि फोर्कचा हात काटकोनात.

जागाच नसेल तर पेडलला अर्धचंद्राकृती खोबणीचा तुकडा लावायचा, तार त्यावर गुंडाळत जाते आणि नेहमी एकाच दिशेनं बाहेर पडते. त्यावर मात्र बारीक धाग्यांची दोरीच हवी.

फायरवॉल श्वास घेते का?

आता तो आऊटरचा नियम आठवा. तारेत ६० किलो असतील तर आऊटरचं टोक फायरवॉलला ६० किलोनं ढकलतंय. दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा एवढ्या जोरानं पुढं फुगतो. डोळ्याला दिसत नाही, कारण तुम्ही तेव्हा पेडल दाबत असता. मोबाईल फायरवॉलसमोर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी चिकटवा, चित्रफीत काढा आणि क्लच दाबा. माझा पत्रा चार मिलिमीटर पुढं येत होता.

२६ मधले चार गेले, उरले २२. क्लच पुरता सुटेना, गिअर कटकट करत पडायला लागले. मी काय केलं? ॲडजस्टर आवळला. पुन्हा पंधरा दिवसांनी आवळला. पेडलमधली ढील संपली, रिलीज बेअरिंग (फोर्क जे प्रेशर प्लेटवर ढकलतो ते) कायम दाबलेलं राहू लागलं, पत्र्याबरोबर आऊटरचं टोक तिरकं होत गेलं, आणि पाचवी केबल नऊ दिवसांत गेली. ॲडजस्टर हा केबल बसवल्यावर आणि क्लच प्लेट झिजेल तसा फिरवायचा. दर पंधरवड्याला तो फिरवावा लागत असेल तर काहीतरी वाकतंय, ताणतंय किंवा तुटत चाललंय.

आऊटरचा टेका सांगाड्याच्या पाईपला तीन मिलिमीटरच्या पट्टीनं वेल्ड करा, पत्र्याला नुसतं भोक ठेवा. आणि पेडल बॉक्स त्याच पाईपला बांधलेला असू द्या, म्हणजे ढकलणारा आणि ओढणारा एकाच घरात राहतात.

प्रवासाला कुंपण

किट कारमध्ये हमखास राहणारी वस्तू म्हणजे पेडलचा स्टॉप. घाईत माणूस पेडल पत्र्याला टेकेपर्यंत दाबतो. क्लच केव्हाच सुटलेला असतो, पुढचा जोर डायाफ्रामची (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची) बोटं आणि केबल यांच्यावर फुकट जातो.

मागचं एकच चाक उचलून गाडी स्टँडवर ठेवा, दुसरं जमिनीवर राहू द्या. दोन्ही उचलली तर क्लच न सुटताही चाक फिरतं, दुसरं उलटं फिरतं एवढंच. नुसत्या जॅकवर नको, विटांवर तर अजिबात नको. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एकानं चाक हातानं फिरवायचा प्रयत्न करत राहायचं, दुसऱ्यानं हळूहळू क्लच दाबायचा. चाक मोकळं होईल तिथं पेडलची जागा खडूनं नोंदवा. त्यापुढं १५ मिलिमीटर आणि तिथं चेकनट लावलेला बोल्ट, डोक्यावर रबर. वरच्या बाजूला पेडलची ढील जिथून इंजिन घेतलं त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणं ठेवा. ती साधारण १५ ते २५ मिलिमीटर असते.

एवढं सगळं करूनही फोर्कचा ओढा मोजल्यावर जड आला तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. फोर्कच्या शाफ्टचे बुश कोरडे, बेअरिंगच्या नळीवर खाच पडलेली, प्लेट झिजून गेलेली, किंवा कुणीतरी "स्ट्राँग पाहिजे" म्हणून भारी प्रेशर प्लेट घातलेली, या चारपैकी एक सापडतं. हलक्या गाडीला भारी प्रेशर प्लेट कशाला लागते हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

केबल बनवून घेताना

आपल्या मापाची केबल तयार मिळत नाही, बनवावीच लागते. माझी चौथी अशीच बनवली होती, आणि निपल गॅसनं ब्रेझिंग करून बसवला होता. मजबूत दिसला. पण ही तार थंड अवस्थेत ओढून कडक केलेली असते. ब्रेझिंगच्या तापानं ती निपलाच्या तोंडाशी नरम पडली आणि तिथूनच मोडली.

नीट पद्धत अशी. निपलाचं बाहेरचं तोंड शंकूसारखं खोलगट कातलेलं हवं. कापायच्या आधी तारेला बारीक तांब्याची तार गुंडाळा, म्हणजे धागे विस्कटत नाहीत. तार निपलातून पार करा, टोकाचे धागे झाडूसारखे फुलवा, फ्लक्स लावा आणि वितळलेल्या कथलाच्या भांड्यात निपल बुडवा. कथील आत ओढलं जाईपर्यंत धरायचं, जास्त नाही. फुललेला गुच्छ शंकूत अडकतो, कथील त्याला फक्त धरून ठेवतं. उरलेला फ्लक्स गरम पाण्यानं धुवा, नाहीतर महिन्याभरात तो तार खातो. स्टेनलेसची तार साध्या फ्लक्सला दाद देत नाही, नवशिक्यानं जस्ताचा मुलामा असलेलीच घ्यावी. निपल घालण्याआधी आऊटर, फेरूल, रबरी टोपी सगळं तारेवर ओवलंय ना ते दोनदा बघा. हे मी का सांगतोय ते विचारू नका.

गाडीत घालण्याआधी केबल तुळईला टांगून खाली दीडशे किलो लटकवा. सिमेंटच्या तीन पोत्यांचं काम आहे. खाली उभं राहू नका. निपल केसभरही सरकला तर पुन्हा करा.

स्क्रूचा निपल, जो दुचाकीच्या दुकानात मिळतो, तो खिशात ठेवा, घरी पोचण्यापुरता. त्याचा स्क्रू धागे चिरडतो.

तेलाचं काय? अस्तर असलेल्या केबलमध्ये काही घालू नका. तेल घातलं की धूळ चिकटते आणि ती सहाणेसारखी घासत बसते. अस्तर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या केबलला पातळ तेल, जाड ग्रीस नको. दोन्हीकडं वरच्या टोकाला रबरी टोपी हवीच.

हायड्रॉलिक करू का?

मला हे सगळे विचारतात. म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबानं क्लच सोडवायचा: पेडलपाशी मास्टर सिलिंडर, फोर्कपाशी स्लेव्ह. करा, पण वरचं सगळं झाल्यावर. फुगणारी फायरवॉल मास्टर सिलिंडरलाही तशीच फुगते. तिरका पेडल त्याचा दांडाही तिरका ढकलतो. शिवाय प्रवासाचा हिशोब नव्यानं करावा लागतो. मास्टर १५.८७ मिलिमीटरचा आणि स्लेव्ह १९.०५ चा बसवला तर मास्टरचे २५ मिलिमीटर स्लेव्हकडं साडेसतराच्या आत भरतात. फोर्कला २२ हवे असतील तर क्लच सुटणारच नाही, आणि माणूस हवा काढत बसतो. जिथं केबलला १८० अंशांपेक्षा कमी वळणात नेताच येत नाही, तिथं मात्र हायड्रॉलिकला पर्याय नाही.

वाटेत तुटलीच तर

इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, समोर मोकळं मैदान आहे याची खात्री करा आणि स्टार्टर मारा. गाडी हिसका देत निघते आणि इंजिन सुरू होतं. ज्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही तिथं हे चालणार नाही. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर सोडा, न्यूट्रलमध्ये आणा, आवाज उतरला की गिअर हलक्या हातानं आत सरकवा. थांबायच्या आधी न्यूट्रल. शेतात आणि आवारात ठीक आहे, गर्दीत हा उद्योग नको. मी आता सुटी केबल चालू केबलच्या शेजारूनच ओवून ठेवलीय, दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. बदलायला वीस मिनिटं लागतात.

सहावी केबल साधी तीन मिलिमीटरची आहे, पाचवीपेक्षा पातळ आणि तिच्या निम्म्या किमतीची. तिला चौदा महिने झाले. दर दोन महिन्यांनी पेडलकडची रबरी टोपी मागं सरकवतो आणि निपलापाशी कापसाचा बोळा फिरवतो. एक धागा जरी तुटला असला तरी कापूस त्यात अडकतो. ही युक्ती वडिलांची, फणीचे दात ते असेच तपासायचे. मागच्या रविवारी बोळा त्यांनीच फिरवला, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "आता गड्ड्याच्या जत्रेआधी एकदा बघ."